शर्टावरच्या नावाचा बाजारभाव

"पैसा माझा, टीम माझी. तुमच्या पोटात का दुखतंय, मॅडम?" आप्पांनी टेबलावर हात आपटला.

आप्पा शिरूरचे मोठे ट्रान्सपोर्टवाले. त्यांनी आमच्या दौंड-शिरूर फुटबॉल लीगमध्ये क्लब घेतला आणि पुण्याहून पाच तगडे खेळाडू आणले. मॅचमागून मॅच जिंकत सुटले. मी दौंडची सीए, लीगची ऑडिटर. माझं काम एकच नियम सांभाळायचं : तिकिटं आणि जाहिराती यांतून क्लब जेवढं कमावेल, तेवढंच खेळाडूंवर खर्च करायचं. मालकाचा खिसा त्यात धरायचा नाही. नाहीतर कप दरवर्षी सगळ्यात श्रीमंत माणसाच्या घरी जाणार.

आप्पांची फाइल वरून चोख होती. शर्टावर एका टायर एजन्सीचं नाव, त्याचे नऊ लाख. बाकीच्या क्लबांना त्याच जागेचे सत्तर हजार मिळताना मारामार. मी एजन्सीचा मालक शोधला. आप्पांचे सख्खे मेहुणे! आमच्याकडे याला रिलेटेड पार्टी म्हणतात. म्हणजे घरचाच पैसा, पाहुण्याच्या हातून आलेला. अशा वेळी दिलेली रक्कम नाही, बाजारभाव धरायचा. मी सत्तर हजार धरले. आप्पांचा खर्च कमाईच्या कितीतरी वर गेला.

"म्हंजी मी खोटा हाय व्हय?"

"खोटं काही नाही आप्पा. महाग आहे."

आप्पा तरातरा निघून गेले. लीगचे सेक्रेटरी सलीममामा, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड, घाम पुसत म्हणाले, "ह्यो माणूस गेला तर लीग बंद पडंल."

"मग नियम काढून टाकू?"

मामांनी फाइल पुढे ओढली. "न्हाई," म्हणाले, आणि सही केली. आप्पांच्या क्लबचे तीन पॉइंट कापले. खर्च कमाईत बसवायला पुण्याचे तीन खेळाडू परत गेले. पहिल्या नंबरावरचा क्लब दुसऱ्यावर आला.

शेवटची मॅच दौंडशीच. आप्पांना जिंकावंच लागणार होतं, दौंडला बरोबरी पुरत होती. मैदान गच्च भरलेलं. आप्पांचा नवा गोलकीपर गणेश कुरकुंभच्या कंपनीतून सकाळची शिफ्ट करून थेट आलेला. एक-एक बरोबरी, शेवटची दोन मिनिटं, आणि दौंडला पेनल्टी! गणेशनं डावीकडे झेप घेतली. बॉल छातीशी! उठला, लांब किक मारली. आप्पांचाच फॉरवर्ड, पाबळचा आमीर, दोघांना चकवून घुसला आणि गोल!

मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर उभी राहून ओरडत होते. दौंडची मी, आणि शिरूरच्या गोलला! सलीममामा माझ्याकडे नुसते बघत राहिले.

आप्पा धावत आले, डोळे ओले. "मॅडम, गणेशला बुलेट देतो!"

"बक्षीसही खर्चातच धरतात, आप्पा."

"तुमी काय सोडत न्हाई!" म्हणत आप्पा खो खो हसले. बुलेट बारगळली. गणेशला खांद्यावर घेऊन त्यांनी अख्ख्या मैदानाला चक्कर मारली. त्याला काही खर्च आला नाही.

एवढं मात्र शिकले : ऑडिटरनं मॅच बघायला जाऊ नये. गेलीच, तर खुर्ची मागची घ्यावी.