न झालेल्या गोष्टीची बराखा

हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस वाटत होतं. बाबा आता नाहीत आणि मी जे केलं ते मावशींना माहीत आहे, म्हणून लिहिते.

कॉलेजसाठी धुळ्याला आले तेव्हा मी ज्यांच्या घरी राहिले, त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर होत्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू. मला तेव्हा हा शब्दही माहीत नव्हता. आमचं गाव बोदवडजवळ. आम्ही बौद्ध. घरात दहावीच्या पुढे कोणी शिकलेलं नाही, आणि बाबा केळी कापायच्या कामावर जायचे. मावशींचे यजमान वारलेले, मुलगा इस्राएलला. धुळ्यात त्यांच्या समाजाचं दुसरं घर मी तरी पाहिलं नाही.

पहिल्या सकाळी त्यांनी पाण्याचा ग्लास हातात घेतला, हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या आणि न पिता माझ्याकडे बघत राहिल्या.

"आमेन म्हण."

"का?"

"अगं, मी एकटी बोलते, भिंत थोडीच उत्तर देणार आहे? म्हण, मला तहान लागलीय."

देवाचे आभार मानायच्या त्या ओळीला त्या बराखा म्हणायच्या. पाणी पिताना एक, भाकरी मोडताना एक, वीज चमकली की एक. दिवसाला शंभर पूर्ण करायची सवय त्यांच्या यजमानांची होती. ते गेल्यावर मावशींनी ती चालू ठेवली. बोटांच्या पेरांवर मोजायच्या. शनिवारी त्यांची प्रार्थना लहान असते, मग आकडा भरायला दिवसभर थोडी थोडी फळं खायच्या, लवंगेचा वास घ्यायच्या. वासाचीसुद्धा बराखा असते.

एकदा मी गावाहून केळी नेली. झाडाच्या फळाची बराखा मला ऐकून पाठ झाली होती. ती मी मोठ्या हुशारीनं सुरू केली, तर त्यांनी हात वर केला. "केळीला ती नाही चालत. केळ म्हणजे झाड नव्हे. तिला जमिनीतून येणाऱ्या भाजीपाल्याची."

मी हे फोनवर बाबांना सांगितलं. ते खूश झाले. "बरोबर बोलते ती. घड कापला का खोड पाडा लागते. झाड असं असते का?" तेव्हापासून फोन आला की पहिलं विचारायचे, "आज काय म्हने तुही बाई?"

संडासातून येऊन हात धुतल्यावरही एक बराखा होती. मी हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी अर्थ सांगितला, तो मला समजला तसा लिहिते. देवानं माणसाच्या अंगात वाटा केल्या. उघडायची ती वाट बंद राहिली, किंवा बंद असायची ती उघडली, तर माणूस घडीभरसुद्धा उभा राहू शकणार नाही. "तीस वर्षं लोकांच्या लघवीच्या पिशव्या ओतल्यात मी," त्या म्हणाल्या. "शंभरातली ही एक मला पुरती कळते."

बाबांना सांगितलं तर ते फोनवर ठसका लागेपर्यंत हसले. "मुतल्यावर बी? भारी काम हाये बुवा!"

मी दुसऱ्या वर्षाला असताना बाबांच्या पायांवर सूज आली. मग तोंडावर. जळगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हा दोन्ही किडन्या बंद पडल्या होत्या. मशीनवर रक्त साफ करत होते, पण ते अंगाला झेपत नव्हतं, दर वेळी बीपी खाली जायचं. डॉक्टर म्हणाले, लघवी सुटली तर आशा आहे. खाटेला नळीची पिशवी लटकत होती. आई आणि मी आळीपाळीनं तिच्याकडे बघायचो. पाच दिवस ती कोरडी होती.

मी मावशींना फोन करून विचारलं, लघवी सुटावी म्हणून एखादी बराखा आहे का?

"मागायची प्रार्थना वेगळी. ती मी रोज करतेच आहे. बराखा हातात आलेल्या, झालेल्या गोष्टीची असते. न झालेल्या गोष्टीसाठी म्हटली तर देवाचं नाव फुकट घेतल्यासारखं. ते पाप."

मला स्वतःची लाज वाटली. आमच्या घरात देवापुढे हात पसरत नाहीत. पण एक विचार डोक्यातून जाईना. त्यांच्याकडे आधी गोष्ट होते आणि मग शब्द येतात. शब्द आधी आले तर?

सहाव्या दिवशी दुपारी मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. "मावशी, आली. पिशवीत आली."

"किती?" त्यांनी लगेच विचारलं. "रंग कसा आहे?"

एवढं विचारतील हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "अर्धा ग्लास," मी म्हटलं. "पिवळी."

"ही बराखा ज्याची त्यानं म्हणायची असते. पण तुझ्या बाबांना शब्द कुठे येतात? मी म्हणते." आणि त्यांनी ती पूर्ण म्हटली, एकेक शब्द सुटा करून. मी आमेन म्हणाले. लगेच आत जाऊन पाहिलं. पिशवी तशीच कोरडी होती. संध्याकाळपर्यंत मी दहा वेळा तरी पाहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मावशी वॉर्डाच्या दारात उभ्या. दुखऱ्या गुडघ्यांनी बसचा प्रवास करून आल्या होत्या, आनंदानं. आल्या तशा सवयीनं वाकल्या, पिशवी हातात घेतली, नळीला टिचकी मारली. खाटेला अडकवलेला कागद वाचला.

"काल होती?"

"नव्हती."

त्यांनी डोळे मिटून एक छोटी ओळ म्हटली. बराखा वाया गेली की म्हणतात ती, हे त्यांनीच नंतर सांगितलं. मला वाटलं आता रागावतील. त्या स्टुलावर बसल्या. "यजमानांच्या वेळी माझ्याही मनात आलं होतं," एवढंच म्हणाल्या. "मी केलं नाही."

बाबांनी डोळे उघडले. "हेच का वं तुह्या मावशी?"

"हो बाबा."

"संडासाची बराखा म्हनता त्या तुमीच का?"

"मीच ती, भाऊ." मावशी हसल्या.

बाबाही हसल्यासारखे झाले. मग त्यांनी अगदी साधेपणानं, एखादी माहिती विचारावी तसं विचारलं. "मंग ज्याले होतच नाई, त्यानं काय म्हना?"

मी मावशींकडे पाहिलं. काहीतरी सांगा, खोटंसुद्धा चालेल, असं मला ओरडावंसं वाटत होतं. मी काल केलं तसं.

"त्याच्यासाठी नाही काही," मावशी म्हणाल्या. "मी पुष्कळ शोधलं, भाऊ."

"नाई ना. मले वाटलंच."

डॉक्टर राउंडला येऊन गेले. आईला बाजूला घेऊन म्हणाले, घरी न्यायचं असेल तर न्या. आई परत येऊन डब्याचं झाकण लावत बसली. ते डब्याला बसत नव्हतं. बाबांना कूस बदलायची होती. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं मावशींनी. अंगात साठलेल्या पाण्यानं ते इतके जड झाले होते की मावशींना मधेच थांबून दम घ्यावा लागला.