सरळ कापाचे मिस्त्री

नवा बार हातात आला की मिस्त्री आधी कानस घेऊन त्यावरचं कंपनीचं नाव खरवडून काढायचे. लाकूड कापायच्या मशीनची साखळी ज्या लांब पट्टीवरून फिरते, ती पट्टी म्हणजे बार. कोरी करकरीत वस्तू, आणि हा माणूस तिच्यावर कानस चालवतोय! गिऱ्हाईक कळवळायचं. मिस्त्री मान वर न करता म्हणायचे, "बारला वरची बाजू न्हाई, खालची न्हाई. दोनी सारख्या झिजल्या पायजेत."

राजूरच्या बाजारात त्यांची पत्र्याची टपरी होती. तुम्ही कधी बाजाराच्या दिवशी तिथून गेला असाल तर कानशीची करकर ऐकलीच असेल. साखळीच्या डाव्या दातांना कानशीचे मोजून तीन हात, तर उजव्यांनाही तीनच. मध्येच कुणी रामराम घातला तरी उत्तर नाही, मोजणी चुकेल ना! एकदा एकजण नुसती साखळी पिशवीत घालून घेऊन आला. मिस्त्रींनी आत डोकावून पाहिलं. "नवरी आली, नवरदेव कुठं ठेवला?" आणि त्याला बार आणायला घरी पिटाळलं.

मी शाळामास्तर. निवृत्तीनंतर हौसेने मशीन घेतलं, तेव्हा मात्र त्यांना नाव खरवडू दिलं नाही.

"राहू द्या हो, शोभा आहे ती."

"ऱ्हाऊ द्या. पन धार लावली की दर खेपंला बार उलटा करून बसवा, गुरुजी."

मी हो म्हटलं. पण बार उलटला की अक्षरं डोक्यावर उभी राहायची. सगळा जन्म पोरांची अक्षरं सुधारण्यात गेलेला; मला ते बघवेना. मी गुपचूप बार पुन्हा सुलटा करायचो. वर्षभर एकाच कडेने कापलं, ती कड एका अंगाने झिजली आणि काप उजवीकडे ओढायला लागला. मला वाटायचं, माझाच हात वाकडा.

मग ती सकाळ आली. वादळात शेजारच्या हौसाबाईंच्या गोठ्यावर आंबा पडला. दिवस भरलेली गाय खोड आणि भिंतीच्या बेचक्यात अडकली होती. पण जिवंत होती! मी मशीन घेऊन धावलो. गाईपासून वीतभरावर खोड कापायचं होतं, आणि मशीन ओढत होतं नेमकं गाईकडे. चार बोटं आत गेलो आणि थांबलो.

"गुरुजी, माज्या गाईला कापताल!" हौसाबाई किंचाळल्या.

मिस्त्रींना फोन केला. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून ते आले. तेव्हाच त्यांना कमी दिसू लागलं होतं. त्यांनी बारच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"कितींदा उलटा केला, गुरुजी?"

"उलटा ठेवलाच नाही."

सगळ्या गावादेखत सांगावं लागलं. लाज वाटली, फार वाटली. मिस्त्री रागावले नाहीत. तिथेच चिखलात बसले, बार उलटवला, साखळी चढवली आणि चाचपत चाचपत दात न् दात घासायला लागले. गाय हंबरतेय, लोक ओरडतायत, "आवरा, मिस्त्री, आवरा!" आणि हे आपले मोजतायत, एक, दोन, तीन.

शेवटी मशीन माझ्यापुढे धरलं. "मला दिसंना. तुमीच कापा."

वाकडा काप सोडून मी शेजारी नवा घेतला. आणि काय सांगू, मशीन सरळ खाली उतरलं! मिस्त्रींनी उडणारा भुसा मुठीत धरून चोळला आणि पोरासारखे ओरडले, "पीठ न्हाई, पोहे पडत्यात! धार बसली! चालू द्या, गुरुजी!" खोड धाडकन सुटलं, दहाजणांनी ते ओढलं आणि गाय उठली. हौसाबाई रडत रडत मिस्त्रींच्या पायाच पडल्या. दुपारी ती गाय व्यायली.

पुढे मिस्त्रींचे डोळे फारच अधू झाले. टपरी बंद करून ते जामखेडला लेकीकडे राहायला गेले. गावातली मशीनं माझ्याकडे यायला लागली. धार लावली की मी त्यांना फोन करायचो आणि चालू मशीन फोनजवळ धरायचो. ते लक्ष देऊन ऐकायचे. "डाव्या दातांना आजून एक हात," म्हणायचे.

गेल्या महिन्यात असाच फोन लावून दोन ओंडके कापले.

"मिस्त्री, काही चुकलं का?"

"न्हाई. सरळ चाललंय." मग म्हणाले, "आता मला इचारू नका, गुरुजी."

मला इतका आनंद झाला की मी अंगणातूनच ओरडलो, "हौसाबाई, पास झालो, पास!" त्या हसत बाहेर आल्या. त्यांनाही मिस्त्रींशी बोलायला द्यावं म्हणून मी फोन कानाला लावला. मिस्त्रींनी तो ठेवून दिला होता.