किटलीतलं दूध

मांजरसुंब्याचा शहादेव मिस्त्री मोटारसायकल मागून बुटकी करून देतो, पण स्प्रिंग कापून काम उरकणाऱ्यांचं तोंडही बघत नाही. तो बेतशीर आखूड शॉकअप बसवतो, मग बायकोला, चंद्रभागाबाईला, दुधाने भरलेली उघडी किटली देऊन मागे बसवतो आणि गावातले सगळे स्पीडब्रेकर ओलांडतो. दूध सांडलं की काम पुन्हा पहिल्यापासून.

पुढारी विजयसिंहांचे पाय गाडीवर बसल्यावर जमिनीला टेकत नव्हते, म्हणून त्यांनी ती शहादेवकडे दिली. त्यांच्या गाडीपायी किटली पाचदा सांडली, सहाव्यांदा थेंब सांडला नाही.

साहेबांच्या मोटारसायकल रॅलीला दोघं नवरा-बायको कौतुकाने रस्त्याकडेला उभे राहिले. कार्यकर्त्यांच्या उंच गाड्यांत साहेब दिसेनात, म्हणून ते केजपर्यंत फुटरेस्टवर उभ्यानेच गेले.

चंद्रभागाबाई म्हणाली, "अव्हो, मंग बसायचं कोणाला व्हतं?"