मी गाळलेले दोन शब्द

लोणावळ्याच्या शाळेत इंग्रजी चौथीत असताना मास्तरांनी आम्हाला क्रियाविशेषणांची एक यादी पाठ करायला दिली होती. सगळी लबाडीची. स्लायली, क्राफ्टिली, फॉल्सली, डिसीटफुली, फ्रॉड्युलंटली. चोरून करावं त्याला एक शब्द, गोड बोलून करावं त्याला दुसरा, कागदोपत्री करावं त्याला तिसरा. एवढी लबाडी करायला या लोकांना वेळ कधी मिळतो, असं मला वाटे. प्रत्येक शब्द वाक्यात वापरायचा होता, आणि वर्गातल्या सगळ्यांनी सगळी पापं कोल्ह्याच्या माथी मारली. आमच्याकडे कोल्हा काकडीला राजी म्हणतात. त्याला एवढी कारस्थानं कशाला लागतील? पण मला पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि मी आमच्या मळवलीपर्यंत गाडीत ती यादी घोकत आले.

माझे वडील, आबा, रेल्वेत गँगमन होते. मळवलीच्या अलीकडे-पलीकडे जो रूळ जातो, त्याची खडी सावरायची, खिळे ठोकायचे, पावसात पाणी कुठे तुंबतंय ते बघायचं. त्यांच्या पासावर मी शाळेत जायची. गावातून इंग्रजी शिकणारी मी पहिली मुलगी, त्यामुळे आबांना माझा इतका अभिमान की मी साबणावरची अक्षरं वाचली तरी ते शेजाऱ्यांना हाक मारत.

त्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत आमच्या वाडीतल्या एका विधवा मावशीकडे इर्जिक होतं. इर्जिक म्हणजे ज्याच्या घरी हात कमी, त्याच्या शेतात सगळ्यांनी मिळून एक दिवस राबायचं आणि त्याच्याकडे जेवायचं. घरटी एक माणूस गेला पाहिजे. आबा नाही तर चुलते, चुलते नाही तर आई. माणूस त्या घरचा असला की हिशेब पुरा. पण त्या दिवशी खाचरात बैलांनी चिखलणी करायची होती आणि आमचे बैल आबांखेरीज कुणाला जुमानत नसत. तेव्हा आबा शेतात गेले आणि त्यांच्या जागी चुलते रुळावर गेले. मुकादमाने आबांचं नाव पुकारलं, चुलत्यांनी हजेरी दिली. मुकादमही आमच्याच बाजूचा, त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

नेमका त्याच दिवशी साहेब ट्रॉलीवरून तपासणीला निघाला. मावशीचं खाचर रुळाला लागूनच होतं. दुसरा कुणी असता तर बैलाआड बसला असता. आमचे आबा बैल थांबवून, गुडघाभर चिखलातून बांधावर आले आणि त्यांनी साहेबाला रोजच्यासारखा सलाम ठोकला! साहेबाने मान हलवली, ट्रॉली पुढे गेली, आणि मैलभरावर त्याने गँगची हजेरी घेतली तर आबा तिथेही हजर.

आठवड्याभरात इंग्रजी कागद आला. लढाईचे दिवस होते. देहूरोडच्या डेपोकडे लष्करी गाड्या जात, रुळावर कोण उभा आहे याला तेव्हा फार महत्त्व आलं होतं. आरोप कबूल आहे का, सात दिवसांत लेखी कळवावं. नोकरी ठेवायची की काढायची ते त्यावर ठरेल, असं त्यात होतं.

रविवारी दुपारी आबांनी तो माझ्यापुढे ठेवला. "वाच पोरी."

मी वाचायला लागले आणि दुसऱ्याच ओळीत माझी पाठ केलेली यादी भेटली. डिसीटफुली आणि फ्रॉड्युलंटली. दोन्ही शब्द आबांच्या नावाला लागून. कोल्ह्याला लावताना जीभ अडली नव्हती, आता अडली. मी ते दोन शब्द सरळ गाळले.

"तुम्ही आपल्या जागी दुसरा माणूस उभा केला, असं लिहिलंय," मी म्हटलं.

"मंग खरंच हाय की. लिही, व्हय म्हून."

शाळेत आम्ही आधी प्रश्न उतरवून मग उत्तर लिहीत असू. त्याच सवयीने मी कोऱ्या कागदावर साहेबाचा आरोप जसाच्या तसा उतरवला आणि खाली लिहिलं, होय, हे खरं आहे. आबांनी मोडीत सही केली. शाई वाळेपर्यंत मी कागदाकडे बघत राहिले. माझ्याच वळणदार अक्षरात वर लिहिलं होतं की या माणसाने लबाडीने आणि फसवणुकीने हे केलं, आणि खाली माझ्या बापाची सही होती. मी रडत रडत सगळं सांगितलं.

आबांनी एकेका शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारला. मी सांगितला. आई चुलीपासून म्हणाली, "असू द्या की ते सबुद. सायबाचं पाय धरा, चाकरी तरी ऱ्हाईल."

"चुकलो म्हून पाय धरीन," आबा म्हणाले. "लबाड म्हून न्हाई धरायचो."

त्यांनी तो कागद फाडला. दुसरा लिहून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन लोणावळ्याच्या हपिसात गेले. मी साहेबासमोर वाचलं: दुसरा माणूस उभा केला हे खरं, विचारलं नाही ही चूक, लबाडी आणि फसवणूक मात्र कबूल नाही. साहेबाने कागद घेतला, आबांना खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "उस दिन सलाम काहे को किया?"

"सायेब दिसलं, सलाम केला," आबा म्हणाले. "रोजच करतो."

साहेबाने आपल्या आरोपातले ते दोन शब्द लाल शाईने खोडले आणि तिथे 'परवानगीशिवाय' असं लिहिलं. नोकरी राहिली. शिक्षा म्हणून पावसाळाभर घाटातल्या गँगमध्ये टाकलं. तिथे दरडींच्या भीतीने आईच्या जिवाला घोर असे, आबा मात्र मान ताठ ठेवून कामावर जात.

मला बोल त्यांनी कधीच लावला नाही. पण त्यानंतर इंग्रजी कागद आला की, मी वाचताना ते कागदाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत. पूर्वी ते कौतुकाने अक्षरांकडे बघायचे. मी समजले, माझ्यावरचा विश्वास गेला. वर्षानुवर्षं ते मला टोचत राहिलं, आणि ते बरोबरच आहे असंही वाटे.

माझं लग्न ठरलं त्या महिन्यात त्यांच्या बदलीचा कागद आला. मी वाचत होते, ते तसेच टक लावून बसले होते. मला राहवलं नाही. "आबा, अजून माझा भरवसा न्हाई का तुमाला?"

ते चकितच झाले. "भरवसा? आगं, वाचताना तू काय गिळतीस का, ते बगतो मी. त्या दिशी माज्यापायी तू एकटीनं गिळलंस. लहान व्हतीस." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "कडू आसंल तर निम्मं माज्या पानात वाडत जा, बाय."