ठाऊक असलेलं कशाला विचारायचं?

ओर्तेन्सियाबाई आज उजाडायच्या आधीच शाळेत येऊन बसल्या होत्या. अमेरिकेत फ्रेस्नो शहराच्या पलीकडे, पीचच्या बागांमधल्या त्या गावात तिसरीच्या पोरांना शिकवण्यात त्यांचा उभा जन्म गेला. पण पोरांची अक्कल तपासायला साहेब येणार म्हटलं की अजून त्या आदल्या रात्री वह्या चाळत बसायच्या. आज पाळी इत्सेलची होती. ही पोरगी वर्गात तोंड उघडत नसे. साहेबापुढेही ती गप्पच बसली, तर तिची रवानगी 'ढ' पोरांच्या वर्गात ठरलेली.

त्या वर्गात बाई स्वतः बसून आल्या होत्या. लहानपणी मास्तरीण विचारी तेव्हा बोलल्या नाहीत एवढाच गुन्हा, आणि बाहेर पडेतो अर्धं बालपण गेलं.

बरं, इत्सेलच्या आईला, आंपारोला सांगावं की पोरीसाठी जरा शाळेशी भांडायला उठ, तर ती पीच भरायच्या शेडमधून धावत येऊन म्हणते, "बाई, तुम्ही म्हणाल तसं. शाळेत तुम्हीच तिची आई." आता काय करावं हिला? आम्हा मेक्सिकन माणसांत शिक्षकाला उलटून बोलणं म्हणजे उद्धटपणा. आणि शाळावाले म्हणणार, आईलाच पर्वा नाही.

केस्लरसाहेब माणूस वाईट नव्हता. त्याने एक चित्र पुढे धरलं आणि हे काय म्हणून विचारलं. कोंबडी होती. इत्सेलने कोंबडीकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दुसरं चित्र झालं, तिसरं झालं. पोरगी ढिम्म. साहेबाने सुस्कारा सोडला. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाई दोन पावलं पुढे आल्या.

अहो, ज्या घरात मोठी माणसं स्वतःला माहीत नसेल तेवढंच विचारतात, तिथल्या पोराने काय समजावं? एवढ्या बाप्याला कोंबडी कळत नाही? म्हणजे थट्टाच चाललीय आपली. आणि मोठ्यांनी थट्टा केली तर गप्प बसायचं असतं.

बाईंना राहवेना. "साहेब, तुम्हाला खरंच माहीत नाही असं काहीतरी विचारा तिला."

साहेब गोरामोरा झाला. मग इत्सेलला म्हणाला, "मला तुमचे ते पानात उकडलेले तमाले फार आवडतात. पण करतात कसे, ते कधी कळलं नाही बघ."

इत्सेलने मान वर केली. "किती माणसांसाठी?"

"घरी मी एकटाच असतो."

"मग नका करू. एकट्यासाठी कुणी तमाले करत नाही. रविवारी आमच्याकडे या. आई आणि मावश्या पीठ मळतात, तुम्ही माझ्याजवळ मक्याची पानं पुसायला बसा."

आणि मग जी सुरू झाली ती थांबेचना. पानं किती भिजवायची, मोठ्या पातेल्याला पीठ किती, वाफ आली हे कसं ओळखायचं. साहेबाने चित्रं बाजूला सारली आणि खुर्ची पुढे ओढली.

निघताना तो म्हणाला, "राहू दे तिला तुमच्याच वर्गात."

बाई व्हरांड्यात मटकन बसल्या आणि ढसाढसा रडल्या. त्यांच्या वेळच्या मास्तरणीने वर्षभरात पुष्कळ विचारलं होतं. तिला खरोखर माहीत नसलेलं मात्र एकदाही नाही.