मल्लम्माचं मापटं

मल्लम्मा उदगीरच्या मोंढ्यामागं राहायची. लोणच्याच्या दिवसांत लोक तिला घरी बोलवत. जाताना ती सासूचं पितळी मापटं तेवढं बरोबर नेई. कैरीच्या दहा मापटी फोडींना एक मापटं खडे मीठ, हा तिचा हिशेब. कुणी किलोत सांगितलं तर म्हणायची, "किलोभर फोडी म्हंजे दोन मापटी." तिचं लोणचं कधी नासलं नव्हतं.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि दुष्काळ पडला होता. मोंढ्याच्या बाजारात माल येईना, आम्हा हमालांना उचलायला पोतं मिळेना. मल्लम्माची विधवा मुलगी शिवगंगा रोजगार हमीवर खडी फोडायची. धुळीनं तिला खोकला लागला होता. त्या उन्हाळ्यात लातूरच्या एका वसतिगृहानं मल्लम्माला साठ किलो फोडींचं लोणचं सांगितलं. पावसाळाभर टिकलं तर मायलेकींना तिथल्या स्वयंपाकघरात कायमचं काम, वर राहायला खोली. शिवगंगाची खडी सुटणार होती.

फोडी व्यापाऱ्यानं काट्यावर तोलून दिल्या. पोतं मी तिच्या दारात उतरवलं. पाण्यावाचून कैऱ्या लिंबाएवढ्या असतानाच गळाल्या होत्या. फोडी सुपारीच्या खांडाएवढ्या. मल्लम्मा मापायला बसली. एकशेवीस मापटी भरायला हवी होती. नव्वदीलाच पोतं संपलं.

"नरसिंगा, वाटंत किती खाल्ल्यास रं?"

"अक्का, एवढ्या खाल्ल्या असत्या तर दात आंबले असते. बग की." मी तोंड उघडून दाखवलं.

"मिटव. बैलाचे दात बगून काय करू? तीस मापटी कुटं गेली सांग."

मी फोडी पोत्यात भरल्या, पोतं पाठीवर घेतलं आणि भर उन्हात काट्यावर नेलं. ती मागं चालत आली. काटा साठवर थांबला. पोतं परत तिच्या दारात टाकलं. या खेपेची हमाली मी घेतली नाही. वाटेत एकदाही टेकलो नव्हतो, तेही तिनं पाहिलं होतं.

"मीठ किती घालणार?" मी विचारलं.

"नव्वदीला नऊ मापटी."

"वजन साठ भरलंय, अक्का. साठाला बारा लागतील."

"काटा बेपाऱ्याचा. मापटं माझं हाय."

तेल महाग म्हणून वसतिगृहानं थोडंच दिलं होतं. सगळी भिस्त मिठावर होती.

पोळ्याच्या सुमारास वसतिगृहातून बरण्या परत आल्या. वर पांढरी बुरशी, खाली फोडी लिबलिबीत झालेल्या. मल्लम्मानं एक फोड जिभेवर ठेवली आणि थुंकली. वसतिगृहानं दुसरी बाई ठेवली होती.

पाऊसही धड झाला नाही. मोंढा बंदच राहिला, म्हणून मीही खडीवर गेलो. मल्लम्मा आधीच तिथं लेकीशेजारी बसली होती. खडी बिनबुडाच्या लाकडी पेटीत भरून मोजत. जेवढ्या पेट्या, तेवढी मजुरी. कामाला ती चोख. दगड अगदी बारीक करी. संध्याकाळी आम्हा सगळ्यांच्या पेट्या भरल्या, तिची भरेना.

"अव्वा, इतकी बारीक करू नको," शिवगंगा म्हणाली. "बारीक खडी दाटून बसती. दगुड तेवढाच, पन पेटी भरत न्हाई."

मल्लम्माचा हातोडा थांबला. पेटीतली मूठभर खडी तिनं उचलली, बोटांनी चाचपली आणि परत टाकली.

"नरसिंगा," ती म्हणाली, "फोडीबी अशाच दाटून बसल्या आसतील."

"आसतील, अक्का."

"काटा खरा होता."

"हाव."

शिवगंगाला ढास लागली. पदर तोंडावर धरून ती वाकली. मल्लम्मानं तिच्या पुढ्यातला दगड आपल्याकडं ओढला आणि जाड फोडायला सुरुवात केली.