ओलांडणारे शून्य

आमच्या धंद्यातली माणसं भेटली की आधी कार्ड पुढे करतात आणि मग तोंडाकडे बघतात. मी वाहतूक नियोजनाचं काम करते. सदर भागातल्या एका सल्लागार कंपनीत चौक, सिग्नल आणि दुभाजकांचे नकाशे काढता काढता माझे केस पांढरे झाले, त्यामुळे ही जमात मला चांगली ठाऊक आहे. वर्षातून दोन-तीनदा एखाद्या हॉटेलात तिचा मेळावा भरतो. नाव दरवेळी नवं, कधी परिषद, कधी कार्यशाळा. यंदाचं होतं ‘व्यावसायिक विकास आणि नेटवर्किंग’. माणसं तीच, जॅकेटं तीच, आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी रोप देऊन पर्यावरण वाचवल्याचं समाधानही तेच. ती रोपं संध्याकाळी हॉटेलातच राहतात, कोणी घरी नेत नाही.

असल्या ठिकाणी मी जात नाही. यंदा गेले ती बाबांसाठी.

मनीषनगरला आम्ही दोघंच राहतो, मी आणि बाबा. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले त्यालाही बरीच वर्षं झाली. घरासमोरचा मोठा रस्ता ओलांडला की बुद्धविहार आहे. आई गेल्यापासून बाबांचा सगळा जीव त्या विहारात. संध्याकाळी तिथे त्यांच्या वयाच्या मंडळींत बसायचं, पौर्णिमेला पांढरे कपडे घालून वंदनेला जायचं, येताना माझ्यासाठी डब्यात खीर आणायची. मग रस्ता रुंद झाला. दुभाजकात माणसांना जायला फट होती, तिच्यावर उंच लोखंडी जाळी बसली. आता पलीकडे जायचं तर थेट लांबच्या वळणापर्यंत जाऊन परत यायचं. तेवढ्यासाठी ऑटोवाले थांबत नाहीत आणि माझ्या स्कूटरवर चढायला बाबांचे गुडघे तयार नाहीत. त्यांचं रोजचं जाणं बंद झालं. पौर्णिमेला मात्र ऑटो मिळवून जातो, खीर तिथेच खातो, असं ते मला सांगत. डबा सांभाळत ऑटोत चढणं जमत नाही म्हणत.

जाळी काढून तिथे पायी जाणाऱ्यांसाठी सिग्नल द्यावा, असा मी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं, की पाहणी केली असता सदर ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्यांची संख्या शून्य आढळली, सबब सिग्नलची आवश्यकता नाही. कोणताही धड माणूस हे वाचून हसेल. आमच्या धंद्यात याला शास्त्र म्हणतात. आमच्या लेखी पादचारी म्हणजे जो रस्ता ओलांडतो तो. जो ओलांडता न आल्यामुळे कडेला उभा राहतो तो कोणीच नाही. आधी वाट बंद करायची, मग कॅमेरा लावून मोजायचं, आणि कोणी ओलांडत नाही असं दिसलं की इथे वाट नकोच होती, असं लिहून मोकळं व्हायचं. दाराला कुलूप ठोकून ‘आमच्याकडे कोणी येतच नाही’ म्हणणाऱ्यातली ही गत. हे लिहिणारे अडाणी असते तर मला एवढा राग आला नसता. चांगले शिकलेले आहेत, परदेशात जाऊन आलेले आहेत.

माझ्या कंपनीच्या मालकांना मी ते उत्तर दाखवलं. ते म्हणाले, “मॅडम, अर्जानं कुठं काय होते? ज्या साहेबाच्या सहीनं जाळी लागली, तो त्या प्रोग्रॅमले येऊन राहिला. जेवताना धरा त्याले. नेटवर्किंग म्हणजे अजून काय असते?”

म्हणून मी वर्धा रोडवरच्या त्या हॉटेलात गेले. गळ्यात नावाची पट्टी अडकवली, कापडी पिशवी घेतली. सकाळी प्रशिक्षकाने आम्हाला खेळ खेळायला लावला. शेजाऱ्याला आपल्या स्वप्नातला रस्ता सांगायचा. माझे शेजारी उड्डाणपुलांचे सल्लागार होते, पोटावर जॅकेटचं बटण जेमतेम लागलेलं. ते विचार करून म्हणाले, “ज्याच्यावर माणसं मधी मधी येत नाही, असा.” वर तोंडभर हसले आणि मला त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. त्या ग्रुपवर दिवसभर त्याच सभागृहात बसलेली माणसं एकमेकांना फुलं पाठवत होती.

दुपारच्या आधी एक तरुण इंजिनिअर मंचावर आला. वर्षातलं उत्कृष्ट काम म्हणून त्याच्या प्रकल्पाची निवड झाली होती. पडद्यावर पहिलंच चित्र आलं आणि मी खुर्चीत सरळ झाले. तो आमचा रस्ता होता. जाळी बसवल्यापासून गाड्या कशा विनाअडथळा धावतात, हे तो रंगीत आलेखांवरून सांगत होता. मग त्याने पाहणीच्या दिवसाचा फोटो लावला. “ओलांडणारे शून्य,” तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या.

फोटोत मधोमध जाळी होती. जाळीपलीकडे विहाराच्या दारावर पंचशील ध्वजांच्या माळा लागल्या होत्या आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं आत जात होती. म्हणजे पौर्णिमा होती. आणि अलीकडे, आमच्या बाजूच्या फुटपाथवर, कोपऱ्यात एक म्हातारा उभा होता. पांढरा सदरा, पांढरं धोतर, हातात डबा. ते बाबा होते.

ते गेलेच नव्हते. ऑटो नाही, वंदना नाही, खीर नाही. घरून तयार होऊन, माझ्यासाठी डबा घेऊन निघाले होते, आणि रस्त्याच्या या बाजूला उभं राहून पलीकडे बघत होते. मग घरी येऊन मला म्हणाले होते, जाऊन आलो. त्या सभागृहातल्या एकूण एक माणसाची मला शिसारी आली.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी उठले. “डाव्या कोपऱ्यात एक गृहस्थ उभे आहेत. ते मोजणीत आहेत का?”

त्याने वळून पाहिलं. मला वाटतं, त्याने त्यांना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. “नाही मॅडम. ते नुसते उभे आहेत. आपण फक्त ओलांडणारे मोजतो.”

“कशासाठी उभे असतील?”

“ते आपल्या कामाच्या कक्षेत येत नाही,” तो नम्रपणे म्हणाला. सूत्रसंचालिकेने छान चर्चा झाली असं जाहीर करून सगळ्यांना जेवायला पाठवलं.

साहेब मला गुलाबजामच्या टेबलाशी सापडले. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “मॅडम, तुमचा प्रश्न एकदम मस्त होता. पुढच्या वेळी तुम्हीच प्रेझेंटेशन द्या. आपल्याकडे लेडीज स्पीकर कमी पडून राहिल्या.”

“फोटोतले ते माझे वडील आहेत,” मी म्हणाले. “त्यांना समोरच्या विहारात जायचं होतं. ती जाळी काढा आणि तिथे सिग्नल द्या, एवढंच मागायला मी आले आहे.”

त्यांनी चमचा खाली ठेवला. घटकाभर मला वाटलं, माणूस जागा झाला. मग त्यांनी खिशातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. “त्यायले सांगा, वळणावरून जात जा म्हणा. या वयात मधातून जाणं सेफ नाही. आणि मॅडम, मागणी पायजे ना. उद्या तिथं पब्लिक ओलांडताना दिसली, तर मी लगेच सिग्नल देतो.”

एवढं बोलून ते ग्रुप फोटोसाठी गेले. मलाही कोणीतरी पहिल्या रांगेत ओढून उभं केलं. तो फोटो अजून त्या ग्रुपवर आहे. त्यात मी अशी बघते आहे, की मला बघूनच कोणी पुन्हा बोलावू नये.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. त्या खिडकीतून विहाराचा कळस दिसतो.

“झालं का वं तुहं काम?” त्यांनी विचारलं.

“नाही झालं.”

“जाऊ दे. होईन कधीतरी. तुले भूक लागली असन.”

मी पिशवी कोपऱ्यात टाकली आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. पडद्यावरचा तो फोटो मी मोबाइलमध्ये काढून आणला होता. दाखवावा की नाही, हे मला ठरवता येईना.

“बाबा,” मी म्हटलं, “पौर्णिमेले तुम्ही विहारात खीर खाल्ली होती ना?”

“खाल्ली ना,” बाबा म्हणाले. “काहून?” आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “या खेपेले जरा साखर जास्त झाली होती.”